दवाखान्यातला समुद्र

दातांच्या दवाखान्यात माणूस घाबरत येतो, हे आमच्या डॉक्टरांना कधी पटलंच नाही. त्यांच्याकडे आलेला पेशंट आधी माशांच्या मोठ्या काचेच्या टाकीसमोरच्या बाकावर बसायचा आणि नंबर आला तरी उठायचा नाही. "तुम्ही व्हा पुढं, तो निळा आत्ता दगडामागनं बाहेर येतोय," असं म्हणून मागच्याला पुढं सोडणारी माणसं मी तिथं पाहिली आहेत. एक कापडदुकानदार तर दात बरा झाल्यावरही दर आठवड्याला यायचे, बाकावर बसायचे आणि चहाची वेळ झाली की निघून जायचे.

हुबळीच्या देशपांडे नगरात आतल्या रस्त्यावर डॉक्टरांचं घर होतं. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. डॉक्टर आता नाहीत. त्यांच्याकडे मी शिकाऊ म्हणून आले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. उंच, किंचित वाकलेले, कोटाच्या वरच्या खिशात तोंड तपासायचा छोटा आरसा. तो आरसा पेशंटच्या तोंडात कमी आणि टाकीच्या मागच्या नळ्यांत जास्त जायचा. एक आरसा पेशंटचा आणि एक माशांचा असे दोन वेगळे आरसे आहेत, हे मला पहिल्याच दिवशी शपथेवर सांगण्यात आलं होतं.

टाकी खाऱ्या पाण्याची. साध्या मासे पाळणाऱ्यांकडे असते तसली गोड्या पाण्याची नव्हे. समुद्र इथून घाट उतरून कारवारला, आणि हुबळीत तर नळाचं पाणीही काही दिवसांनी एकदा येणार. अशा गावात त्यांनी समुद्र सांभाळला होता. पाकिटातलं समुद्री मीठ गाळलेल्या पाण्यात मिसळून ते पाणी घरीच करायचे. आत खडक, त्यावर शेवाळ, मऊ पोवळी, एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, आणि त्या फुलाच्या बोटांत लोळणारी नारिंगी जोकर माशांची जोडी. शिवाय तो निळा, आणि लाल पट्ट्यांची, लांब मिशांची एक कोळंबी.

या कोळंबीवर डॉक्टरांचा विशेष लोभ. मासे तिच्यापुढं येऊन तोंड उघडून थांबायचे आणि ती आत शिरून त्यांचे जबडे साफ करायची. रडवेल्या पेशंटला डॉक्टर तिच्यापुढं उभं करायचे. "नोड्री, इकडं बघा. भूल नाही, सुई नाही, आणि कसा तोंड उघडून गप्प उभा आहे बघा. याला म्हणायचं पेशंट."

त्यांची काही मतं पक्की होती. माशांना नावं द्यायची नाहीत. मासे पाळायचे नसतात, पाणी पाळायचं असतं. पाणी नीट राहिलं की मासे आपले आपण राहतात. रोज सकाळी अंघोळीच्या आधी ते टाकीत तांब्याभर गोडं पाणी घालायचे. कुणी विचारलंच, की समुद्रात गोडं पाणी कशाला, तर अर्धा तास गेला म्हणून समजा. "पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. रोज जेवढं उडालं तेवढंच द्यायचं. मीठ घातलंत तर आठवड्यात लोणचं होईल सगळ्यांचं."

आणि खऱ्या समुद्राबद्दल त्यांचं मत अजिबात चांगलं नव्हतं. वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, हट्टानं ते एकदा कारवारला गेले होते. दोन दिवस राहायचं ठरलं होतं, पण संध्याकाळच्या बसनं दोघं परत आले. वहिनी अजून रागानं सांगायच्या, "किनाऱ्यावर उभे राहिले, पाणी हातात घेतलं, हुंगलं, आणि म्हणाले, गढूळ आहे. चल."

दिवसभर त्यांच्या तोंडी एक वाक्य असायचं. "बाई तेगीरी." कानडीत बाई म्हणजे तोंड, तोंड उघडा, एवढाच अर्थ. इन्नू म्हणजे अजून. एकदा कोल्हापूरकडची एक बाई बहिणीबरोबर आली होती. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "बाई तेगीरी, इन्नू तेगीरी," तशी ती पदर सावरत उठून थेट आत गेली. म्हणाली, "बोलावलंत?" खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच हसला आणि ठसका लागून त्याचे हाल झाले. डॉक्टरांनी त्या बाईंना आदरानं स्टूल दिलं. "बसा. तुमचंही उघडायचंच आहे."

मी मूळची अळणावरची. शिक्षण संपवून नवनगरला आत्याकडे राहायला आले आणि तिथून बसनं दवाखान्यात यायचे. पेशंटसमोर ते मला डॉक्टर म्हणायचे, एरवी तंगी. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. मी त्यांना अण्णा म्हणायचे, कारण दवाखाना झाडणाऱ्या मल्लव्वापासून कापडदुकानदारांपर्यंत सगळेच म्हणायचे.

माझी अडचण एकच होती. दवाखान्यात खुर्ची एक. अण्णा सकाळी बसायचे, दुपारी जेवून वर झोपायला गेले की ती खुर्ची माझी. चार वाजता ते खाली आले की मी उठायचे. पेशंटच्या दाढेत अर्धं काम झालेलं असताना जिन्यावर चपलांचा आवाज आला की माझा हात घाईला यायचा.

दुसरी खुर्ची ठेवायला खोली नव्हती असं नाही. टाकीच्या भिंतीपलीकडं एक चांगली खिडकीची खोली होती. पण ती यंत्रांची खोली. एका पिंपात पाण्याचा फेस काढणारं उंच नळकांडं होतं. पाण्यातली घाण फेसाबरोबर वर येऊन त्याच्या वाटीत काळ्या चहासारखी साठायची. दुसऱ्या पिंपात कोळशातून पाणी जायचं. खिडकीशी तिसऱ्या पिंपात दिव्याखाली हिरव्या शेवाळाचा गुंता वाढवलेला, पाण्यातला उरलेला मळ ते शेवाळ खायचं. त्यापुढं चौथ्यात पाणी गरम ठेवायची कांडी आणि मग पाणी परत वर ढकलणारा पंप. प्रत्येक कामाला स्वतंत्र भांडं, आणि भिंतीला भोक पाडून आरपार गेलेल्या नळ्या. त्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. दार उघडलं की खाऱ्या पाण्याचा वास आणि एक संथ घरघर.

दीडेक वर्षानं मला पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं. स्वतंत्र खुर्ची, स्वतंत्र खोली. आत्या म्हणाली जा, आईवडील म्हणाले तुझं तू ठरव. मी ठरवलं आणि एका सकाळी अण्णांना सांगितलं. ते टाकीच्या काचेवरचं शेवाळ खरवडत होते. हात थांबला नाही.

"खुर्चीसाठी जातेस?"

"खुर्चीसाठीच असं नाही, अण्णा."

"मग कशासाठी?"

"खुर्चीसाठीच," मी म्हटलं.

"मग थोडे दिवस थांब की. पुणं कुठं पळून जातंय?"

दुसऱ्या दिवशी मी आले तर ते बाकावर बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात पुठ्ठ्याचं एक खोकं होतं. खोक्यात पुठ्ठ्याच्याच भिंती उभ्या केलेल्या.

"ये, बस. मी काल जेवताना विचार केला. तोंड बघ आपलं. चावायचं तिथंच, चव घ्यायची तिथंच, बोलायचं तिथंच, गिळायचं तिथंच. कुणी मागितली का वेगळी खोली? मग माझ्या पाण्याला चार पिंपं कशाला लागतात?"

बेत असा होता. टाकीखालच्या लाकडी कपाटात मावेल अशी काचेची एकच पेटी करायची आणि तिच्यात काचेचे पडदे उभे करून कप्पे पाडायचे. वरचं पाणी पहिल्या कप्प्यात उतरेल. तिथं फेसाचं यंत्र, पण नवं, बुटकं. पडद्यावरून सांडून ते पुढं शेवाळाच्या कप्प्यात जाईल. मग कोळशाच्या थैलीतून खालून वर येईल, म्हणजे बुडबुडे तिथंच विरतील. शेवटच्या कप्प्यात गरम करायची कांडी आणि पंप, आणि तिथून परत वर. चार पिंपांचं काम एका पेटीत. खोली मोकळी.

"आणि एक बिघडलं तर सगळंच बिघडेल ना, अण्णा?"

"बिघडेल. म्हणून नीट करायचं."

काचा कापून आल्या. चिकटवायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं. "दाढेत सिमेंट भरतेस तसं भर. फट राहता कामा नये." मी सांध्यासांध्यातून सिलिकॉनची रेघ ओढत होते आणि ते शेजारी हात मागं बांधून उभे. मला तेव्हा वाटलं, कामाचा कंटाळा. दवाखान्यातही हल्ली ते नाजूक कामं माझ्यासाठी दुपारपर्यंत ठेवायचे. "चष्मा बदलायचाय," म्हणायचे.

पेटी भरून बसली. पाणी फिरू लागलं. पहिल्या कप्प्यात फेस धरला, दुसऱ्यात शेवाळाचा गुंता दिव्याखाली हलकेच फिरू लागला. अण्णा जमिनीवर मांडी घालून कपाटात डोकं घालून बसले होते. आतून आवाज आला, "तंगी, ऐक. घरघर किती कमी झाली." यंत्रांची खोली रिकामी झाली. पिंपं गच्चीवर गेली. वहिनी म्हणाल्या, "माझ्या गच्चीवर समुद्राची रद्दी," पण दोन पिंपांत त्यांनी लगेच कढीपत्ता लावायचं ठरवलं. पिंपांत मीठ मुरलेलं होतं, कढीपत्ता काही जगला नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी भर सकाळी वीज गेली. बाक भरलेला होता. आधी कुणाला काही कळलं नाही. मग कापडदुकानदारांनी पाय वर घेतले आणि म्हणाले, "अण्णा, समुद्र आला की."

कपाटाच्या दारातून पाणी शांतपणे बाहेर येत होतं. फरशीवर पसरत ते बाकाखाली, चपलांच्या रांगेत आणि थेट उंबऱ्याशी पोचलं. पेशंट बाकावर मांड्या घालून बसले. मल्लव्वा फडकं घेऊन धावली. अण्णा ओल्या फरशीवर गुडघे टेकून कपाटात बघत होते.

पंप बंद पडला की वरचं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं. नळीचं तोंड टाकीत जितकं खोल, तितकं पाणी खाली. पूर्वीही ते येत असणारच, पण तेव्हा पिंपं मोठी होती, आलेलं पाणी त्यांत मावायचं. आम्ही जागा वाचवली होती, आणि पाण्याला नेमकी तीच जागा हवी होती.

वीज आली तेव्हा पेटीत पाणी कमी पडलं. पंप कोरडाच घरघरला आणि टाकी बुडबुड्यांनी पांढरी झाली. अण्णांनी बटण बंद केलं, साठवणीचं खारं पाणी बादलीनं भरलं, पुन्हा चालू केलं. मासे दगडांमागं गेले होते. समुद्रफूल आक्रसून आवळ्याएवढं झालं होतं. दोन्ही जोकर त्याच्यापुढं येरझारा घालत होते, शिरायला जागा नव्हती.

"मेलं तर?" मी विचारलं.

"मेलं तर पाणी नासेल. मग बाकीचेही जातील." हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. मग पेशंटकडं वळून, "चला, कुणाचा नंबर?"

त्या दिवशी ते दुपारी झोपायला वर गेले नाहीत. मी खुर्चीवर काम करत होते आणि ते बाकावर बसून त्या आवळ्याकडं बघत होते. वहिनी जेवायला बोलवायला खाली आल्या, एक नजर टाकून परत गेल्या आणि ताट खालीच घेऊन आल्या. मी निघाले तेव्हाही ते फूल मिटलेलंच होतं. बसमध्ये मला पुण्याचं काही आठवलं नाही.

सकाळी आले तर दार उघडायच्या आत मल्लव्वाच म्हणाली, "अरळेत्री." उमललंय. फूल फिकट दिसत होतं, पण बोटं पसरली होती आणि जोकरांची जोडी आत. अण्णांनी तांब्याभर गोडं पाणी घातलं, आणि मग म्हणाले, "आता भोक पाडायचं."

उपाय त्यांनी कालच काढून ठेवला होता. टाकीत उतरणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक. पंप थांबला आणि पाणी भोकापर्यंत उतरलं की नळीत हवा शिरते आणि उलटा प्रवाह तिथंच तुटतो. साधी गोष्ट. पण नळी आम्ही चिकटवून बसवली होती, काचेला खेटून. उपटली असती तर काचेचा सांधाच सुटायचा. प्लंबरचं ड्रिल तिथं शिरत नव्हतं. भोक जागच्या जागी पाडायचं, आणि हात घसरला तर काचेला तडा. काचेमागं सगळा समुद्र.

अण्णांनी कवळ्या घासायची छोटी मोटर आणली. तिला दात कोरायचं बारीक टोक लावलं. टाकीतलं पाणी थोडं उतरवलं, आत बुडालेली सगळी विजेची यंत्रं बंद केली, हात कोरडे केले. स्टुलावर चढून त्यांनी मोटर नळीजवळ नेली. अजून ती सुरूही केली नव्हती.

टिक् टिक् टिक्, असा आवाज येऊ लागला.

टोक काचेवर आपटत होतं. अण्णांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. आवाज थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. मी खाली उभी होते. मी वर बघितलं नाही, ते खाली बघत नव्हते. थोड्या वेळानं ते स्टुलावरून उतरले, टोक कोटाला पुसलं आणि मोटर माझ्यापुढं धरली.

"तंगी, तू कर."

"कधीपासून, अण्णा?"

"वर्ष झालं असेल. आधी थकल्यावर व्हायचं, आता सकाळीही होतं." त्यांनी खिशातला आरसा काढून माझ्या हाती दिला. "मागून बघत कर. तुझ्या वहिनीला ठाऊक नाही."

मी चढले. डाव्या हातात आरसा, उजव्यात मोटर. दाढेच्या मागच्या बाजूला काम करतात तसंच, फक्त दाढ टाकीएवढी. अण्णा खालून बोलत राहिले, पेशंटशी बोलायचे त्याच आवाजात. "घाई नाही. दाबायचं नाही. टोकाला त्याचं काम करू दे. हं. श्वास घे." प्लास्टिकचा भुसा पाण्यात पडणार नाही म्हणून मल्लव्वानं खाली चहाची गाळणी धरली होती. टोक आरपार गेलं तेव्हा हाताला अगदी दाढेत कळतं तसंच कळलं.

पाणी पुन्हा भरलं, पंप चालू केला, आणि सगळं स्थिर झाल्यावर अण्णांनी मुद्दाम बटण बंद केलं. आम्ही तिघं कपाटापुढं बसलो. पेटीतलं पाणी चढू लागलं. चढलं, चढलं, काठाच्या दोन बोटं खाली आलं. वर टाकीत नळीनं एक लांब घोट घेतल्यासारखा आवाज केला, आणि पाणी थांबलं.

मल्लव्वानं तयार ठेवलेलं फडकं घडी घालून बाजूला ठेवलं.

"खोली तुझी," अण्णा म्हणाले. "खुर्ची मागवलीय. पुण्याला जायचंच असेल तर जा, पण दवाखान्यात हात असलेला एक माणूस लागतो. माझ्याकडं आता फक्त तोंड आहे."

मी पुण्याला कळवून टाकलं.

वहिनींना सांगायचं काम राहिलं होतं. अण्णांनी ते चार दिवस टाळलं. शेवटी एका सकाळी चहा पिताना माझ्यासमोरच सांगितलं, बहुधा मी असले की त्या फार बोलणार नाहीत म्हणून. वहिनींनी त्यांची कपबशी उचलली आणि बशीत सांडलेला चहा बेसिनमध्ये ओतला.

"रोज बशी मीच धुते की," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी सांगताय तेच बघत होते."

अण्णांनी त्यानंतर दात काढला नाही, भरला नाही. तपासायचे, गप्पा मारायचे, धीर द्यायचे आणि माझ्याकडं पाठवायचे. पण जुने पेशंट ऐकेनात. "आम्हाला अण्णाच हवेत," म्हणून ते जुन्या खुर्चीपुढं अडून बसायचे. माझी नवी खुर्ची खिडकीपाशी, प्लास्टिकच्या आवरणासह, तशीच रिकामी. अण्णांनी कुणाला हाताचं कारण सांगितलं नाही आणि मीही नाही. बरेच दिवस मी त्या खोलीत बसून नुसती बाहेरची बोलणी ऐकत होते.

एका सोमवारी बाक खच्चून भरला असताना अण्णा माझ्या खोलीत आले आणि खुर्चीचं आवरण ओढून काढलं. दार त्यांनी सताड उघडं ठेवलं. मग स्वतःच खुर्चीत आडवे झाले.

"खालची, उजवीकडची, शेवटची," ते म्हणाले. "दोन वर्षं लवंगतेलावर काढली. आता काढ."

"आत्ता?"

"मग कधी? लोक बघताहेत."

मी हातमोजे घातले. ते सूचना देत होते: सुई कुठं टोचायची, चिमटा कसा धरायचा, मूळ वाकडं असणार. बाकावरचे सगळे माना लांब करून बघत होते. कापडदुकानदार तर उभेच राहिले होते. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, बाई तेगीरी." त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांची बडबड थांबली.

मूळ खरंच वाकडं होतं. वेळ लागला. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर थरथरत होते, पण डोळे छताकडं लावून ते अगदी शांत पडले होते. दाढ निघाली. मी जखमेवर कापसाचा बोळा ठेवला आणि म्हटलं, "चावून धरा. अर्धा तास बोलायचं नाही."

ते उठले, कोट नीट केला आणि सुजलेल्या गालानं बाहेर गेले. मी आत हात धूत होते. बाहेरून कापडदुकानदारांचा आवाज आला. "काय अण्णा, दुखलं का?"

तोंडात बोळा. उत्तर देता येईना. मी दारातून पाहिलं, त्यांनी मान हलवली, नाही. मग माझ्या खोलीकडं बोट दाखवलं, बाकावरच्या पहिल्या माणसाचा दंड धरून त्याला उठवलं आणि त्याच्या जागी स्वतः बसले.

तो माणूस क्षणभर घुटमळला. मग चपला काढून आत आला.